खुंटीवरचा कोट

दवाखान्यातील आतल्या खोलीच्या दारामागे एक खुंटी आहे. गेली काही वर्षे माझा पांढरा कोट बहुधा तिच्यावरच असतो. पूर्वी तसे नव्हते. दवाखाना थाटला तेव्हा मी वयापेक्षा लहान दिसत असे. बाहेरच्या बाकावरील एका गृहस्थांनी मलाच विचारले होते, "डॉक्टर केव्हा येतात हो?" दुसऱ्या दिवसापासून मी कडक इस्त्रीचा कोट चढवला आणि तो प्रश्न पुन्हा कानी आला नाही.

डॉक्टरांचा वेश पूर्वापार पांढरा होता असेही नाही. टॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराने १८७५ साली रंगवलेल्या शस्त्रक्रियेच्या चित्रात शल्यचिकित्सक काळ्या कोटात आहेत. त्याच्याच १८८९ च्या चित्रात ते पांढऱ्या वेशात दिसतात. मधल्या काळात जंतूंचे ज्ञान रुजले होते. पांढऱ्यावर डाग लपत नाही, हा त्यातला साधा व्यवहार. विश्वास मागाहून चिकटला, आणि भीतीही.

ती भीती मला एका आजींमुळे कळली. वय अठ्ठ्याहत्तर. दर खेपेस वरचा रक्तदाब १७० च्या आसपास. मी दोनदा औषध वाढवले. "घरी उठताना तिला चक्कर येते," असे मुलगा सांगे. मी ते वयावर ढकलले. पुढे एका रविवारी त्यांच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो, झब्बा-पायजम्यात. आजी पलंगावरून उठल्या आणि झोकांडल्या. सुनेने सावरले म्हणून बऱ्या. घरातच यंत्र होते. बसून ११८ भरला, उभे राहून ९६.

"आज तुम्ही घरातल्यासारखे दिसता," आजी म्हणाल्या. मग हळूहळू बोलू लागल्या. यजमानांच्या अखेरच्या दिवसांत पांढरे कोट घातलेले तिघे-चौघे खाटेभोवती उभे राहिले होते आणि 'आता घरी न्या' म्हणाले होते. "तेव्हापासून तो कोट दिसला की छातीत धडधडतं. तुम्हाला कसं सांगायचं?" तीन वर्षे त्या माझ्याकडे येत होत्या. मी विचारलेच नव्हते. त्या पडून खुब्याचे हाड मोडले असते, तर त्याचे कारण माझ्याच चिठ्ठीत सापडले असते. त्या आठवड्यात मी औषध टप्प्याटप्प्याने कमी केले.

डॉक्टर खाटेशी येताच रुग्णाचा रक्तदाब चढतो, हे इटलीतील संशोधकांनी १९८३ साली मोजून दाखवले होते. मी ते वाचलेलेही होते! अर्थात दोष एकट्या कापडाचा नव्हे. औषधांचा वास, ताटकळणे, निदानाची धास्ती, सारेच त्यात मिसळलेले असते.

म्हणून घरच्या मंडळींना माझी विनंती आहे. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे. वडीलधाऱ्यांना पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसू द्यावे. हात हृदयाच्या पातळीवर असावा, आणि मोजताना गप्पा नकोत. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून आकडे वहीत लिहावेत. चक्कर येत असेल तर उभे राहिल्यावरचाही आकडा टिपावा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर तो रक्तदाब वाढलेलाच समजतात. तेथे कोटाला बोल लावून चालणार नाही. आणि घरचे आकडे कमी दिसले, तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वही घेऊन डॉक्टरांकडे यावे.

आजी आता मोकळेपणाने येतात, त्यांच्या नातीच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत सारे मला ठाऊक असते. सर्वांचे मात्र असे नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक मला नुसत्या शर्टात पाहून नाराज होतात. "डॉक्टर, गणवेश कुठे आहे?" असे करड्या आवाजात विचारतात, आणि तपासून घेताना अंग आखडून बसतात. त्यांची पाळी आली की मी निमूटपणे खुंटीवरचा कोट काढून अंगात घालतो.