भेंडीचं टोक



आज तोडा नव्हता, म्हणून निवांत लिहितोय. गोष्ट शेतातली नाही, स्टॉलवरची आहे.

मागच्या रविवारी पुण्यातल्या आठवडे बाजारात एक गृहस्थ आमच्या क्रेटमधल्या भेंडीची टोकं मोडायला लागले. एक मोडली, दुसरी मोडली, पंधरा-वीस तरी झाल्या. टोक कट्‌कन तुटलं की भेंडी कोवळी, हे सगळ्यांना माहीत. पण मोडलेली जागा थोड्या वेळाने काळी पडते आणि पुढचं गिऱ्हाईक ती भेंडी बाजूला सारतं. काट्यावर माझ्या चुलतभावाचा पोरगा होता. तो एवढंच म्हणाला, "काका, दोन-तीन मोडून बघा, सगळ्या नको."

झालं! "ग्राहक नेहमी बरोबर असतो, हे शिकवलं नाही का तुला कुणी? धंदा करायला बसलायस की अक्कल शिकवायला?" चार माणसं बघत उभी राहिली.

मी काय केलं? हात जोडले, पोराला "सॉरी म्हण" म्हटलं आणि पाव किलो भेंडी वर फुकट घातली. पोरगा सॉरी म्हणाला. येताना टेम्पोत गावापर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरताना म्हणाला, "तात्या, मी तोड्याला येत जाईन, स्टॉलवर नको." भेंडी तोडताना हाताला कशी खाज सुटते ते तोडणाऱ्यालाच माहीत. तरी त्याला ती बरी वाटली.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. ते आपल्याकडचं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत शिकागोला मार्शल फील्डचं मोठं दुकान होतं. तिथे काम केलेल्या हॅरी सेल्फ्रिजने १९०९ साली लंडनला स्वतःचं दुकान काढलं. या वाक्याचं श्रेय कुणी एकाला देतं, कुणी दुसऱ्याला. त्या काळात बऱ्याच ठिकाणी माल विकला की विषय संपला, खराब निघाला तर तुझं नशीब. त्यावर हा उपाय होता. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर आधी त्याला खोटं ठरवू नका, माल परत घ्या. यात तोटा कोण सोसतो? दुकानाचा मालक. काउंटरवरच्या पोराने चारचौघांत अपमान गिळावा, असं यात कुठे बसतं? मी पाव किलो भेंडी माझी घातली आणि मान मात्र त्याची खाली घातली.

गिऱ्हाईक बरोबर नसतं असं नाही म्हणत मी. दोन वर्षांपूर्वी वजन भरावं म्हणून मी भेंडी लांब होऊ द्यायचो. बाया हातात घेऊन परत ठेवायच्या, आणि मी घरी येऊन त्यांनाच नावं ठेवायचो. शेवटी एक दिवसाआड तोडायला लागलो, बोटाएवढी असतानाच. वजन कमी भरतं, पण अकरापर्यंत क्रेट रिकामे. काय खायचं हे त्यांना कळतं, तिथे मीच चुकलो होतो.

आणि मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून चुकलोय तेही सांगतो. लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त औषध मारायचं ठरवून कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदार म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." चार दिवसांत पानं करपली. तो "नको" म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो, हेही खरं.

काल चुलतभावाच्या घरी जाऊन आलो. सगळे बसले होते. बाजारात जे झालं ते सगळ्यांसमोर झालं होतं, म्हणून इथेही सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी होती, तुला सॉरी म्हणायला लावायला नको होतं." पोरगा काही बोलला नाही. आत जाऊन चहा घेऊन आला.

या वेळी स्टॉलवर पुढे एक ताटली ठेवणार आहे, पाच-सहा भेंड्यांची. मोडायच्या तर त्यातल्या मोडा. कुणी क्रेटमध्ये हात घातलाच तर बोलायचं ते मी बोलेन.

उद्या पहाटे तोडा आहे. रविवारी काट्यावर कोण बसणार ते अजून ठरलेलं नाही.