फ्रिजवरच्या पिवळ्या चिठ्ठ्या

बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला आणि डॉक्टरांनी बजावलं, 'आता खाली बसायचं नाही.' आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचं बाथरूम चाळीस वर्षांपूर्वीचं. कमोड नाही, फरशी गुळगुळीत. बाबा काकांकडे राहायला गेले आणि मी जाहीर करून टाकलं, 'तीन आठवड्यांत बाथरूम तयार!' घरून काम करणारी फ्रीलान्सर मीच, म्हणजे साइट सुपरवायझरही मीच!

माझा आतेभाऊ सिव्हिल इंजिनीअर. त्याने लगेच बार चार्ट धाडला. तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, टाइल्स, फिटिंग. प्रत्येक कामाची आडवी पट्टी, खाली तारखा. हेन्री गँटच्या नावाने ओळखला जाणारा हा चार्ट शंभर वर्षांहून जुना. चौथ्याच दिवशी प्लंबर गावाला गेला. चार्टला त्याचा पत्ताच नाही!

मग हिंजवडीतल्या मैत्रिणीने कानबान शिकवलं. जपानीत कानबान म्हणजे पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी ही पद्धत रुजवली. पुढच्या टप्प्याला लागेल तेवढंच मागच्याने बनवायचं, आणि ते सांगायला कार्ड. मी फ्रिजवर तीन रकाने केले: करायचंय, चालू, झालं. पिवळ्या चिठ्ठ्या इकडून तिकडे सरकवताना काय भारी वाटायचं!

आणि तिथेच घात झाला. गुरुवारी टाइल्सचा मिस्त्री मोकळा होता. वॉटरप्रूफिंगची चिठ्ठी 'झालं'मध्ये, टाइल्स घरात. म्हटलं, लावा! चार दिवसांनी खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला ओल आली होती. पाणी भरून ठेवायची चाचणी झालीच नव्हती. चार्टवर तिची दोन दिवसांची पट्टी होती. पण त्या दोन दिवसांत कुणीच काही करत नाही, पाणी नुसतं उभं राहतं. म्हणून मी तिची चिठ्ठीच केली नव्हती. कोपऱ्यातल्या टाइल्स उखडल्या. पैसे गेले, दिवस गेले. काकांच्या घरी बाबा रोज विचारत होते, 'कधी नेतेस?'

रविवारी आतेभाऊ आला. पोहे खाता खाता म्हणाला, 'अगं, चार्ट सांगतो काय आधी, काय नंतर आणि कुठे थांबायचंच. बोर्ड सांगतो आज काय अडलंय. दोन्ही लागतात.' बाबा यायच्या तारखेपासून आम्ही उलटं मोजत गेलो. दर रविवारी चार्टवरून फक्त पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या काढायच्या. माल घरात, आधीचं काम तपासलेलं आणि कारागिराने स्वतः 'जमेल' म्हटलेलं, तरच चिठ्ठी 'चालू'त. तिथे एकावेळी दोनच. चौथा रकाना 'थांबलंय', कारणासकट. आणि हो, उभ्या पाण्यालाही चिठ्ठी!

असंच काहीसं बांधकामात 'लास्ट प्लॅनर' म्हणून चालतं, हे त्याच्याकडूनच कळलं. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९०च्या दशकात ते मांडलं. शब्द त्याने द्यायचा, ज्याच्या हातून काम होणार. आठवड्याअखेर किती शब्द पाळले, ते मोजायचं. आमच्या पहिल्या आठवड्यात सहापैकी तीन, दुसऱ्यात सहापैकी पाच. मिस्त्रीभाऊ स्वतःच चिठ्ठी सरकवायला फ्रिजपाशी यायला लागले.

आठ दिवस उशिरा का होईना, बाबा घरी आले. बोर्डवर एकच चिठ्ठी उरली होती: 'धरायचा दांडा'. ती 'थांबलंय'मध्ये होती. कारण: 'उंची बाबांना विचारणे'. इतके दिवस आम्ही प्लंबरला विचारलं, मिस्त्रीला विचारलं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांना विचारायचं राहूनच गेलेलं.

बाबा कमोडवर बसले, हात लांब केला आणि माझ्या पेन्सिलने टाइलवर रेघ मारली. दुपारी दांडा बसला. संध्याकाळी वॉकर टेकत बाबा स्वयंपाकघरात आले आणि ती चिठ्ठी त्यांनी स्वतः 'झालं'मध्ये लावली.