कोडिंग शिकवायचंय? आधी त्रिकोण चालून बघा



पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर जी, आमच्या पोराले कोडिंगचा क्लास लावू का?" आणि त्याच दमात तक्रारही, "घरी तं निस्ता गेमच खेळते." 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च प्राथमिक वर्गांसाठी कोडिंगचा उल्लेख आला आणि पालकांची घाई आणखी वाढली. माझं उत्तर ठरलेलं आहे : क्लास राहू द्या, गेम खेळू द्या, फक्त तो गेम पोराने स्वतः बनवलेला असावा.

आमची जिल्हा परिषदेची शाळा. संगणक मोजकेच आणि वीज तिच्या मर्जीने येणार. म्हणून पहिले काही तास आम्ही पटांगणातच घेतो. खडूने चौकटी आखायच्या, एका मुलाला रोबोट करायचं, बाकीच्यांनी त्याला चिंचेच्या झाडापर्यंत न्यायचं. रोबोटला नियम एकच : सांगितलं तेवढंच करायचं, समजून घ्यायचं नाही. "उजवीकडे जा" म्हटलं की रोबोट उभाच. जा म्हणजे नुसतं वळू की सरकू? आणि उजवीकडे म्हणजे कोणाच्या? समोर उभ्या असलेल्याची उजवी बाजू रोबोटची डावी असते. यावर भरपूर भांडण होतं. होऊ द्यावं. शेवटी मुलंच दोन आज्ञा पक्क्या करतात : "एक पाऊल पुढे" आणि "जागीच उजवीकडे वळ".

ही काही माझी कल्पना नाही. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली अमेरिकेत मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पुढे त्यात एक कासव आलं. मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करायचा, ही त्यातली युक्ती. आजच्या स्क्रॅचमध्ये कासवाऐवजी मांजर आहे. एमआयटीने 2007 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. फुकट आहे आणि एकदा संगणकावर घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं.

स्क्रॅचमध्ये चौरस सोपा : 100 पावलं पुढे, 90 अंश वळ, असं चारदा. चारदा तेच लिहायचा कंटाळा आला की "पुन्हा पुन्हा कर" हा ठोकळा मुलं आपणहून शोधतात. आपल्या भागात हे समजवायला रोवणी पुरते. पऱ्हे रोव, एक पाऊल मागे सरक, बांधी संपेपर्यंत. प्रत्येक रोपासाठी बाईला कोणी वेगळं सांगत नाही.

खरी मजा त्रिकोणात. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे सहावीच्या मुलांना पाठ. ती "100 पावलं पुढे, 60 अंश वळ" हे तीनदा करायला सांगतात. आणि मांजर भलतीकडेच जाते! तीन रेघा निघतात, पण त्रिकोण बंदच होत नाही. "सर, काम्पुटर बिघडला."

इथे, शिक्षक मित्रांनो, जीभ आवरा. 120 हा आकडा तुम्ही सांगितलात की सगळं संपलं. आमच्या वर्गात एक मुलगी उठली, बाहेर गेली, खडूने मोठा त्रिकोण काढला आणि त्यावरून चालू लागली. पहिल्या कोपऱ्यावर थांबली. तोंड सरळ पुढे होतं, पुढची रेघ जवळजवळ पाठीमागे जात होती. "सर, लय वळावं लागते जी!" आतला कोन 60 खरा, पण वळायचं त्याच्या बाहेरच्या कोनातून. 180 मधून 60 गेले, 120. तोवर दुसऱ्या गटाने 60 तसाच ठेवून तीनऐवजी सहा वेळा केलं होतं. त्यांना षटकोन मिळाला. एका पूर्ण फेरीत 360 अंश वळायचं असतं, हे त्यांनी मग स्वतःच बोलून दाखवलं. सात बाजूंची आकृती हवी तर? 360 ला 7 ने भाग जात नाही. पण भागाकाराचा ठोकळाही असतोच की. भूमितीचा असा तास मला फळ्यावर कधी जमला नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. दोन मुलं एका संगणकावर बसली की धीट मूल माउस धरतं आणि दुसरं नुसतं बघतं. बहुतेक वेळा बघणारी मुलगीच असते. आमच्याकडे माउस ज्याच्या हातात, त्याने बोलायचं नाही. सांगणारा दुसरा. दहा मिनिटांनी अदलाबदल.

घरी संगणक नसेल तर पालकांनी 1 ते 100 मधला एक आकडा मनात धरावा आणि मुलाने "पन्नासपेक्षा मोठा?" असं विचारत सुटावं. प्रत्येक वेळी उरलेल्यांचे निम्मे केले तर सात प्रश्नांत आकडा सापडतो. पैसे लागत नाहीत. हाच खेळ नंतर स्क्रॅचमध्ये बनवता येतो.

सध्या सातवीची मुलं गोसेखुर्द धरण बनवत आहेत. 33 दरवाजे, म्हणून "33 वेळा कर" लगेच जमलं. पाणी वाढवत नेणारा आकडाही जमला. "जर पाणी खुणेच्या वर गेलं, तर दरवाजे उघड" हेही लिहिलं, तरी पाणी भिंतीवरून गेलं. दोन दिवस शोधाशोध झाली. "जर" ठोकळा "सतत करत राहा"च्या बाहेर राहिला होता. म्हणजे चौकीदाराने सकाळी एकदाच पाणी पाहिलं आणि झोपून गेला, असं एका पोराने समजावलं. ठोकळा आत सरकवला, दरवाजे उघडले.

आता वाद वेगळाच आहे. खूण कुठे ठेवायची? 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं, ती मुलं म्हणतात खूण खाली ठेवा, लवकर उघडा. दुसरी विचारतात, मग खाली लाखांदूरकडच्या गावांचं काय? काल एकीने दरवाजे एकदम न उघडता पाणी जसं वाढेल तसे थोडे थोडे उघडायचं सुचवलं. त्यासाठी एक "जर" पुरत नाही. किती लागतील, यावर गट अडलाय.