पंचकल्याणी

नेपियर टाउनमधल्या एका मराठी घरात नातीने घोडीचा हट्ट धरला. आजोबा मूळचे खानदेशातले. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून भरणारा घोडेबाजार त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. तरी त्यांनी ठरवले, घोडी जबलपुरातच बघायची. "यात्रेत घाईघाईत सौदा होतो. इथे चार वेळा जाता येईल, तेही न कळवता!"

वरातीला घोडी देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे पंचकल्याणी घोडी मिळाली. चारही पाय आणि तोंड पांढरे. नात हरखून गेली! आजोबांनी मात्र रंगापेक्षा दात आणि खूर निरखून पाहिले. म्हाताऱ्याने घोडी चालवून दाखवली. चाल झकास होती.

दुसऱ्या खेपेला आजोबा पहाटेच गेले, न सांगता. घोडी नुकतीच उठलेली. डांबरी रस्त्यावर दुडकी चालवताच पुढचा डावा पाय टेकताना ती मान वर झटकू लागली. पाय दुखत होता! आधी थोडी फिरवून आणली की असले लंगडणे झाकले जाते, हे आजोबांना ठाऊक होते.

म्हातारा ओशाळला. "बाबूजी, चारा महागला. हिला आता पोसवत नाही."

सौदा मोडला. वाटेत नातीने विचारले, "आजोबा, मग तिचा पाय कोण बरा करणार?"

आजोबा थबकले. जबलपूरला १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आजोबा तसेच मागे फिरले. घोडी घ्यायला नव्हे, तिला तिथे न्यायला!