मूल कुठे बघत होतं?

एक डोळा झाकून तिरळेपणा तपासतात त्या कव्हर टेस्टमध्ये डोळ्याची दोन प्रिझमची (प्रिझम हे तिरळेपणाचं माप) हालचालसुद्धा नुसत्या नजरेने पकडता येते, याचा मला गर्व होता. अजूनही आहे. पण आता जवळचा चष्मा लागला, दुपारनंतर डोळे थकतात, आणि माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी तीच हालचाल मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये थांबवून दाखवते. पहिल्यांदा दाखवली तेव्हा मला ते लागलं.

अंगणवाडीत ती फोनच्या ॲपने फ्लॅश लावून मुलांचे फोटो काढते आणि दोन्ही बुबुळांवरचे प्रकाशाचे ठिपके किती सरकलेत ते मोजते. बर्लिनच्या हिर्शबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात मेणबत्तीच्या उजेडात हेच केलं होतं. ठिपका 1 मिलिमीटर सरकला तर साधारण 22 प्रिझम. हे मोजमाप फोन माझ्यापेक्षा बरं करतो.

माझं घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: त्या क्षणी मूल कुठे बघत होतं? नुसत्या दिव्याकडे बघताना बारीक काही पाहायची गरजच पडत नाही. मग प्लस नंबरमुळे आत वळणारा डोळा फोटोत खुशाल सरळ येतो. म्हणून मी लेन्सशेजारी मुंगीचं बारीकसं चित्र चिकटवते. “मुंगीला पाय किती रे?” विचारलं की मूल डोळे ताणतं, आणि मोजता मोजता डावा डोळा हळूच नाकाकडे जातो. फोटो तेव्हाचा हवा.

अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्याचं उलटं. फोन जवळ धरला की तो हटकून सरळ होतो. दिसतो तो संध्याकाळी, मूल दमल्यावर, लांब बघताना. किंवा उन्हात ते एक डोळा मिटतं तेव्हा संशय येतो. ॲप मात्र हिरवी खूण देऊन मोकळं! ‘या फोटोत दिसला नाही’ एवढं लिहायला काय जातं? तिरळा म्हणजे नशीबवान, असं म्हणणाऱ्या आज्यांशी मी आयुष्यभर वाद घातला. त्या ऐकायच्या तरी. हिरव्या खुणेपुढे आई निश्चिंत होते, आणि तिरळेपणातून आलेला आळशी डोळा सुधारण्याची वयाची पहिली 7-8 वर्षं हातची जातात.

मला फोनमध्ये सगळ्यात मोलाची वाटते ती आयांची गॅलरी. बारसं, वाढदिवस, जत्रा, सगळं तारखेसकट. दोन बोटांनी चेहरा मोठा करत मागे मागे गेलं की डोळा कधीपासून सरकतोय ते कळतं. आणि फ्लॅशच्या फोटोंत एक बाहुली लाल, दुसरी पांढरी दिसली, तर मी तिरळेपणा मोजत बसत नाही. मुलाला त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवते. तो डोळ्यातला कर्करोगही असू शकतो.