बिनपरवाना

ज्याने उभी हयात महसूल खात्यात काढली, त्याला निवृत्तीनंतर कागदाचा वीट येत असेल, असा लोकांचा एक समज असतो. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. कुठे रांगेत उभे राहून पावती फाडून घेण्याचा प्रसंग आला की माझा जीव उगीचच आश्वस्त होतो. म्हणूनच कार्तिकातल्या त्या सकाळी, गोव्यातल्या कुळे स्टेशनाजवळच्या खिडकीपाशी, जीपचे भाडे, अरण्यात शिरण्याचे शुल्क आणि तरंगण्यासाठी घालायच्या नारिंगी जाकिटाचे भाडे अशा निरनिराळ्या पावत्या हाती पडल्यावर, "एक धबधबा पाहायचा, त्याला एवढे कागद?" असे आमची सौ. पुटपुटत असताना, मी मात्र प्रत्येक पावतीवरचा शिक्का उजेडाकडे धरून वाचीत उभा होतो. एका जीपमध्ये सात असामी, धबधब्यापाशी दीड तासाची मुदत, जाकिटावाचून पाण्यात उतरण्यास सक्त मनाई, आणि दिवस कलण्यापूर्वी सर्वांनी परत चौकीवर हजर. हुकूम असावा तर असा, मोजका आणि निःसंदिग्ध.

आम्ही ज्या रानात निघालो होतो त्याचे दप्तरी नाव भगवान महावीर अभयारण्य. लोक त्याला मोलेचे रान म्हणतात. 1969 साली त्याला संरक्षण लाभले आणि 1978 साली एकंदर 240 चौरस किलोमीटरांपैकी 107 चौरस किलोमीटरांना राष्ट्रीय उद्यानाची सनद मिळाली. कर्नाटकाचे पठार सोडून सह्याद्री जिथे एका दमात गोव्यात उतरतो तो हा उतार, आणि अशा उतारांना सरहद्दीचे प्राक्तन बहुधा चुकत नाही. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन सरकारांत तह झाला आणि त्यानंतरच्या दशकात मुरगाव बंदरापासून हा घाट चढणारा लोहमार्ग पुरा झाला. परंतु ज्या तहाने वाट खुली केली त्याच वाटेवर चौक्याही उभ्या राहिल्या, वर कॅसलरॉकला इंग्रजांची जकात आणि खाली कुळ्याला पोर्तुगीजांची, आणि मुंबईहून कुलदैवताच्या दर्शनाला निघालेल्या गोवेकराची ट्रंक एकाच घाटात दोनदा उघडली जाऊ लागली. त्या ट्रंकांतून काय काय निघाले असेल, आणि काय काय लपवून नेले गेले असेल, याचा विचार करताना माझ्यातला जुना कारकून क्षणभर जागा झाला, हे कबूल केले पाहिजे. पुढे 1955 साली नाकेबंदी झाली, गाडी थांबली, आणि गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा वाहती झाली. आज त्या जकातीही नाहीत आणि ते अंमलही नाहीत. अरण्याची चौकी तेवढी आहे, आणि तिथे आमची डोकी मोजली गेली.

डोकी सात : आम्ही दोघे, नाशिकचे एक नवे जोडपे, आणि बेळगावचे तीन विद्यार्थी, ज्यांनी गाडीत बसताक्षणीच "वाघ दिसणार का?" अशी पृच्छा केली. आमचा सारथी चाळिशीचा, सावळा, मितभाषी गृहस्थ होता. त्याने प्रश्न ऐकला, आरसा नीट केला, आणि गाडी सुरू केली.

वाट तीन ठिकाणी पाण्यातून जाते. पावसाळ्यात हे ओहळ असे काही फुगतात की जीपांची ही वाटच बंद ठेवावी लागते. आता कार्तिकात पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत आले होते आणि इतके निवळ होते की तळाचा एकेक गोटा मोजून घ्यावा. दुसऱ्या ओहळाच्या काठी पुढची जीप अडली, म्हणून आम्हांला दहाएक मिनिटे थांबावे लागले, आणि त्या सक्तीच्या थांब्यात, मी सहज खाली पाहिले तर, ओल्या वाळूत उमटलेल्या टायरच्या नक्षीत, फुलपाखरांची पंगत बसलेली. काळ्या पंखांवर निळसर हिरवा पट्टा ओढलेली ती तीस-चाळीस फुलपाखरे पंख मिटून, एकाच दिशेला तोंड करून, घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळलेली आपली सोंड उलगडून ओल शोषीत होती, आणि मधूनच एखाद्याच्या पोटाच्या टोकाशी पाण्याचा स्वच्छ थेंब फुगून खाली गळत होता. पाणी त्यांना नकोच असते. त्यातला क्षार तेवढा ठेवून घ्यायचा आणि उरलेले सोडून द्यायचे. या पंगतीला बहुधा नरच येतात, आणि जमवलेला हा क्षार पुढे मीलनप्रसंगी मादीला नजराणा म्हणून देतात. पुढची जीप हलली, आमची हलली, पंगत उधळली. मी मान वळवून पाहतो तो आमच्याच चाकांच्या ताज्या खुणांत ती पुन्हा उतरू लागली होती.

त्यानंतर रान दाट झाले. किंजळ, नाणा, जांभा हे आमच्या कोकणातल्या माणसाला परके नव्हेत. ऐनाची, सुसरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटींनी भेगाळलेली साल तर मी झाडाची पाने न पाहता ओळखली. या ऐनाला गोव्यात माट्टी म्हणतात. अशाच एका ऐनाखाली सारथ्याने काही न सांगता इंजिन बंद केले. विद्यार्थ्यांपैकी एकाने काही विचारायला तोंड उघडले, तर त्याने नुसता हात वर केला आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "काका, वयर पळयात."

वर, मागच्या पायांवर फांदीला उलटे लोंबकळून, पुढच्या दोन पायांच्या ओंजळीत फळ धरून, शेकरू फराळ करीत होते. तांबूस तपकिरी अंग, आणि तोल सांभाळण्यासाठी खाली सोडलेली, टोकाशी पांढरट होत गेलेली लांबलचक शेपटी. फळाच्या टरफलाचे तुकडे टपटप जीपच्या टपावर पडत होते, आणि खाणाऱ्याच्या नजरेत आमच्याविषयी कसलीही आस्था नव्हती. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. महाराष्ट्रात भीमाशंकरला मी त्याच्यासाठी दोन खेपा घातल्या आणि हात हलवीत परतलो, आणि इथे, गोव्याच्या हद्दीत, तो असा निवांत जेवताना भेटावा! गोव्याचा राज्यप्राणी गवा. तो कुठे आहे, असे मी विचारले, तेव्हा सारथी म्हणाला, "असतो. गाड्यांचा वेळ त्याला पाठ आहे."

इतक्यात दरीच्या बाजूने धापा टाकल्यासारखा आवाज आला, जुन्या वाफेच्या इंजिनाचा यावा तसा, एकेका ठोक्याने जवळ जवळ येणारा. "गाडी आली," नाशिकची नवी नवरी म्हणाली. "गाडी नव्हे ती, बाई," सारथी म्हणाला, आणि झाडांच्या शेंड्यांवरून थोरला धनेश, आपली पिवळी अवजड चोच पुढे करून, पंखांचा तो घरघराट मागे सोडीत, घाटाच्या दिशेने निघून गेला.

खरी गाडी दिसली ती दूधसागर धबधब्यापाशी. शेवटचा टप्पा दगडगोट्यांवरून पायी जावा लागतो, आणि माकडे वाटेत हातातल्या पिशव्यांची झडती घेण्यास सिद्ध असतात. मग एकदम समोर सुमारे 310 मीटर उंचीवरून चार टप्प्यांनी उतरणारे ते पांढरे पाणी. स्नान करणाऱ्या राजकन्येने, परपुरुषाची चाहूल लागताच, लाज राखण्यासाठी घागरीतले दूध आडपडद्यासारखे ओतले, अशी कथा सांगतात. घागर केवढी असावी, याचा हिशेब मी सौ.ला विचारला आणि तिने मला गप्प बसवले. जाकिटे अंगात अडकवून मंडळी डोहात उतरली. माझ्या जाकिटाला आधीच्या कोणाचा तरी ओलसर, कुबट वास येत होता आणि त्याच्या नाडीला अशी काही निरगाठ बसली होती की ती सोडवण्यातच माझ्या दीड तासातली पंधरा मिनिटे खर्ची पडली.

मी गाठीशी झगडत असतानाच धबधब्याच्या कमरेशी बांधलेल्या पुलावर मालगाडी आली. 37 फुटांमागे एक फूट, असा तो चढ. पुढच्या इंजिनाला एवढे ओझे झेपत नाही, म्हणून मागूनही इंजिने जोडून रेटावे लागते. एका चित्रपटात हा पूल झळकल्यापासून, 2013 नंतर, इथे गर्दीला ऊत आला आहे. या एका रुळाचे दोन करावेत असा बेत होता. मोलेतून हा दुसरा रूळ, एक वीजवाहिनी आणि रुंद केलेला महामार्ग अशा तिन्ही गोष्टी न्यायच्या होत्या, आणि 2020 साली गोव्यातली तरुण मुले त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. कुळे ते कॅसलरॉक या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या मे महिन्यात रद्द केली. कागदाने जे दिले ते कागदानेच काढून घेतले, याचे मला, खात्यातला माणूस म्हणून, विशेष समाधान वाटले. डबे मोजता मोजता मी चुकलो. पाणी मात्र पुलाखालच्या कमानींतून जात होते तसेच जात राहिले. ते पुढे खांडेपारच्या नदीतून मांडवीला मिळते, आणि वाटेत ओपा येथे अडवले जाऊन पणजीच्या नळांनाही येते.

शिटी झाली, मुदत संपली. परतताना कोणी फारसे बोलले नाही; विद्यार्थी झोपले, आणि दुसऱ्या ओहळावर या वेळी थांबावे लागले नाही.

चौकीवर आडवा बांबू होता. कारकून वही घेऊन बाहेर आला. "सात?" "सात," सारथी म्हणाला, आणि मग मान किंचित झुकवून त्याने मला बांबूच्या खुंटाशेजारची धूळ दाखवली. सकाळी आमच्याच चाकांनी काढलेल्या खुणांवर, दोन फाकांचे, बैलाच्या खुराहून चांगले मोठे ठसे उमटले होते. रस्त्याच्या एका बाजूच्या झुडपांतून ते आले होते आणि खुंटाला वळसा घालून पलीकडच्या रानात गेले होते. "दुपारी," तो म्हणाला. कारकुनाने नोंदवहीत आमची वेळ टिपली, 4 वाजून 10 मिनिटे, पेन्सिल कानावर ठेवली, आणि त्याच्या खुर्चीपासून चार हातांवरून गेलेल्या त्या ठशांवरून आमची जीप बाहेर पडली.