आजीचं लिस्बन

चिंबई, वांद्रे

प्रिय दोस्ता,

कामानिमित्त जूनमध्ये तू लिस्बनला चाललायस हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. शाळेत असताना आम्ही घरचे सगळे, नऊवारीतल्या आजीसकट, तिथे गेलो होतो. शेजारीपाजारी लंडन-पॅरिस सुचवत होते. पप्पांचं एकच म्हणणं, ज्या गावातून आपल्या वांद्र्यावर दोनशे वर्षं राज्य चाललं, ते गाव पोरांनी बघायलाच हवं. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तो थेट 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत. आपला धर्म तिथून आला, आडनावंही तिथलीच.

आधी बेलेमचा बुरूज बघ. टागस नदीच्या काठावरचा तो बुरूज दिसताच मी ‘आपला किल्ला!’ म्हणून ओरडलो होतो. आपला वांद्र्याचा किल्ला 1640 चा, तिथल्यासारखी नक्षी त्याला नाही. पण काम तेच, पाण्याच्या वाटेवर पहारा.

जवळच दर्यावर्दींचं मोठं स्मारक आहे. त्याच्यापुढे जमिनीवर 50 मीटर व्यासाचं दगडी होकायंत्र आणि मधोमध जगाचा नकाशा. पप्पांनी मला हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उभं केलं, स्वतः पोर्तुगालवर उभे राहिले आणि म्हणाले, ये आता. मी आफ्रिकेला वळसा घालून धावत गेलो. जहाजांना याच वाटेला सहा-सहा महिने लागत आणि कितीतरी माणसं पोचतच नसत, हे त्यांनी तिथेच सांगितलं. स्मारकावरच्या पुतळ्यांत आजीला सेंट फ्रान्सिस झेवियर सापडले. 1541 मध्ये ते लिस्बनहूनच गोव्याला निघाले होते. आजीने भर गर्दीत क्रूसाची खूण केली. पप्पा मात्र गप्प झाले. निघालेले सगळे तिथे आहेत, ज्यांच्या दारात ते जाऊन उतरले त्यांतलं कुणीच नाही, हे त्यांना खुपलं. मला आज दोघांचंही पटतं.

आजीचं लिस्बन मात्र आल्फामाच्या गल्ल्यांत होतं. पादुआचे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेंट अँथनी जन्माने लिस्बनचे. त्यांच्या जन्मस्थळी चर्च आहे, तिथे आजीच्या नावाने एक मेणबत्ती लाव. 13 जूनला त्यांचा सण. त्यासाठी पप्पांनी आमची शाळा बुडवली होती. आदल्या रात्री दारोदारी निखाऱ्यांवर तारल्या भाजतात. नुसतं जाडं मीठ लावलेल्या, सालपट करपलेलं, आणि खाली पावाचा तुकडा, त्यात सगळं तेल मुरतं. भाजणाऱ्या बाईशी आजी मराठीत बोलत होती, बाई पोर्तुगीजमध्ये, आणि मासा कधी उलटायचा यावर दोघींचं एकमत होतं! निघताना बाईने तिला एक कुंडी दिली. तुळशीच्या जातीचं बारीक पानांचं झाड, त्यात खोचलेलं कागदी फूल. ते नाक लावून हुंगायचं नसतं. तळहात पानांवरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. हॉटेलवर पोचेपर्यंत आजी तेच करत होती.

वेळ मिळाला तर कार्मोच्या चर्चमध्ये जा. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं, ते आजही उघडंच आहे. वसई किल्ल्यातली चर्चेस जशी आभाळाखाली उभी आहेत, अगदी तसंच.

तारखा कळव. 12 जूनची रात्र आल्फामासाठी मोकळी ठेव आणि त्या दुपारी फार जेवू नकोस.

तुझा,
चिंबईचा दोस्त